बाजारातून परतलेला वळू

अकोले, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर. सह्याद्रीच्या या पट्ट्यात पावसाळाभर चिखलात राबतो तो डांगी बैल. त्याच्या कातडीतून तेलकटपणा पाझरतो, अंगावर पाणी ठरत नाही. खूर काळे, टणक. पण हे सगळं पावसापुरतं. लाळ्या-खुरकूत आणि अंगावर गाठी आणणारा लंपी, या साथीच्या रोगांपुढे डांगीचा काटकपणा चालत नाही.

गावात चांगले वळू एखाद-दोनच. त्यातला एक गेला, की गाई लावायला मिळेल तो वळू चालवून घेतात आणि वाण पातळ होतं. म्हणून गोठ्यात आधी जपायचा तो वळू.

राजूरचं जनावरांचं प्रदर्शन, घोटीचा बैलबाजार. भागातली निवडक जनावरं इथं एका मैदानात, एका हौदावर येतात. लस त्याच्या किमान तीन आठवडे आधी टोचलेली हवी. तेवढा वेळ अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला लागतो. आदल्या दिवशी टोचलेली लस नोंदवहीत दिसते, कामाला येत नाही. आणि दर जनावराला नवी सुई. एकाच सुईनं सगळी दावण टोचली, तर लंपी आपणच गोठाभर फिरवतो.

परतलेला वळू २८ दिवस वेगळा. त्याच गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला बांधून भागत नाही, कारण लंपी पसरवतात त्या चावऱ्या माशा, डास, गोचीड. जागा निराळी, बादली, दावं, शेणाची पाटीही निराळी. चारापाणी आधी घरच्या जनावरांना, शेवटी त्याला.

रोज सकाळी, ऊन चढायच्या आत, गुदद्वारात थर्मामीटर धरा. पारा १०३ फॅरनहाइटवर गेला तर डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा. ताप बहुधा गाठींच्या आधी येतो. मग केस उलटे करत मानेवरून, गळ्याखाली लोंबणाऱ्या पोळीखालून हात फिरवा. वाटाण्याएवढी घट्ट गाठ डोळ्यांआधी बोटांना लागते.

दारात खूर बुडतील एवढं पाय धुवायचं टाकं. १० लिटर पाण्याला ४०० ग्रॅम धुण्याचा सोडा, हा लाळ्या-खुरकुतासाठी. चूक होते ती इथं: शेणाचे पाय तसेच बुडवले की औषध शेणातच संपतं, आणि उघड्यावरचं टाकं पावसानं पातळ होतं. आधी साध्या पाण्यानं खूर घासा. टाक्यावर पत्रा टाका, पाणी गढूळ झालं की बदला. कडुनिंबाचा धूर संध्याकाळपुरता ठीक. माशा कमी व्हायच्या तर शेणाचा ढीग गोठ्यापासून लांब हलवावा लागतो.

बाहेरगावची गाय लावायला आली, तर गाभ टाकला होता का, हे आधी विचारा. टाकला असेल तर गाईच्या रक्ततपासणीशिवाय वळू सोडू नका.

लंपीतून उठलेला वळू चारा खाऊ लागला की मालकाला घाई होते. लागण झाल्यापासून ४२ दिवसांपर्यंत वीर्यात जिवंत विषाणू सापडलेला आहे. तोवर गाई लावायच्या नाहीत, वीर्यही साठवायचं नाही. गळालेल्या खपल्या झाडून जाळायच्या. सुकलेल्या खपलीत विषाणू ३५ दिवस तग धरतो.