आधी खेळ सांगा, मग विंडोज ठरवू

मित्रहो, आणि पुढच्या रांगांत बसलेल्या विद्यार्थ्यांनो,

जळगाव आणि भुसावळ मिळून अठरा वर्षे मी संगणक दुरुस्तीचे काम करतो आहे. या काळात पारोळा-अमळनेरकडच्या गिऱ्हाइकांकडून सर्वांत जास्त वेळा ऐकलेले वाक्य असे: "दादा, मना कॉम्प्युटर भलता हळू चालस, सेवन टाकी द्या." सेवन म्हणजे विंडोज ७. ही मागणी आजही येते, आणि बहुतेक वेळा ती करणारा खेळणारा मुलगा असतो. जुनी विंडोज हलकी असते आणि हलक्या विंडोजवर खेळ पळतो, असे त्याने मित्राकडून ऐकलेले असते. ही समजूत पूर्णपणे खोटी नाही, म्हणूनच ती इतकी वर्षे टिकली आहे. पण तिच्या भरवशावर घरातला एकुलता एक संगणक मागच्या काळात नेऊन ठेवावा इतकी ती खरीही नाही. अशा मुलाला मी उलट एकच प्रश्न विचारतो: कोणता खेळ खेळायचा आहे? आज मी जे सांगणार आहे ते सगळे या प्रश्नातून निघते.

खेळ हा प्रोग्राम पडद्यावर चित्र काढण्यासाठी, आवाज देण्यासाठी, मेमरी घेण्यासाठी आणि कळफलकावरची कळ ओळखण्यासाठी प्रत्येक वेळी ऑपरेटिंग सिस्टीमला, म्हणजे विंडोजला, विनंती करतो, आणि ही विनंती कोणत्या भाषेत करायची हे तो खेळ ज्या वर्षी लिहिला गेला त्या वर्षीच्या रिवाजाप्रमाणे ठरलेले असते. विंडोजवर ही भाषा प्रामुख्याने डायरेक्टएक्स नावाची आहे. विंडोज एक्सपी २००१ साली आली आणि तिच्या काळातले बहुतेक नावाजलेले खेळ डायरेक्टएक्स ९ वर लिहिले गेले. डायरेक्टएक्स १० साठी २००७ ची विंडोज व्हिस्टा लागली, ११ ही आवृत्ती २००९ च्या विंडोज ७ बरोबर आली आणि १२ ही २०१५ च्या विंडोज १० बरोबर. मायक्रोसॉफ्टने मागच्या भाषा समजण्याची सोय पुढच्या प्रत्येक विंडोजमध्ये बऱ्याच अंशी ठेवली, हे त्या कंपनीचे मोठे काम आहे. मात्र बऱ्याच अंशी म्हणजे सर्वांशी नाही, आणि जुन्या खेळांचे सगळे हाल या फरकातून होतात.

एज ऑफ एम्पायर्सचा १९९९ सालचा दुसरा भाग आपल्यापैकी अनेकांनी सायबर कॅफेत खेळला असेल. तो फक्त २५६ रंगांत चालणारा खेळ आहे. विंडोज ७ वर तो सुरू केला की पाणी आणि गवत भलत्याच रंगांचे दिसू लागत, कारण डेस्कटॉप दाखवणारा एक्सप्लोरर हा प्रोग्राम त्याच वेळी रंगांच्या तक्त्यात हात घालत असे. मुलांनी उपाय शोधला होता: टास्क मॅनेजर उघडून एक्सप्लोरर बंद करायचा, खेळायचे, आणि खेळ संपला की तो पुन्हा सुरू करायचा. हा उपाय मला एका नववीतल्या मुलाने दाखवला होता आणि त्याचे मला आजही कौतुक वाटते. एक्सपीवर हाच खेळ अशी कोणतीही खटपट न करता चालत असे.

दुसरी अडचण सीडीच्या कुलपाची आहे. २००० च्या आसपासच्या अनेक खेळांच्या सीडींवर नक्कल रोखण्यासाठी सेफडिस्क नावाची व्यवस्था होती आणि तिचा ड्रायव्हर नावाचा एक छोटा प्रोग्राम थेट विंडोजच्या गाभ्यात बसत असे. त्या ड्रायव्हरमध्येच सुरक्षेचे भोक सापडल्यामुळे विंडोज १० मध्ये तो ठेवलाच गेला नाही, आणि सप्टेंबर २०१५ च्या एका अपडेटने तो व्हिस्टा, ७ आणि ८ वरही बंद केला. म्हणून पैसे देऊन घेतलेली, जपून ठेवलेली अस्सल सीडी आजच्या संगणकात घातली तर खेळ सुरूच होत नाही, आणि मालकाला वाटते की सीडी खराब झाली. त्याआधीच्या पिढीतले काही खेळ स्वतः ३२ बिटचे असले (बिट म्हणजे एका दमात किती माहिती हाताळली जाते त्याचे माप) तरी त्यांचा इन्स्टॉलर, म्हणजे खेळ संगणकात बसवणारा प्रोग्राम, १६ बिटचा होता; ६४ बिटची विंडोज १६ बिटचे प्रोग्राम चालवत नाही, आणि विंडोज ११ तर ३२ बिटमध्ये निघालेलीच नाही. आवाजाचेही असेच झाले. साउंड कार्डाकडून थेट काम करून घेण्याची एक्सपीच्या काळातली पद्धत व्हिस्टात काढून टाकली गेली, त्यामुळे पाठीमागून येणाऱ्या पावलांचा जो आवाज त्या खेळांत अंगावर काटा आणत असे, तो पुढच्या विंडोजवर सपाट होऊन गेला.

तेव्हा २००५ च्या आधीच्या खेळांवर ज्याचे खरेच प्रेम आहे, त्याच्यासाठी जुनी ऑपरेटिंग सिस्टीम ही वाजवी निवड आहे, हे मी स्पष्टपणे सांगतो. पण विंडोज ७ मागणाऱ्या दहा मुलांपैकी आठ-नऊ जणांना हे खेळ खेळायचेच नसतात.

त्यांना हवे असतात इंटरनेटवर, इतरांबरोबर खेळायचे खेळ. इथे जुन्या विंडोजची बाजू कोसळते. विंडोज ७ ची सुरक्षा अपडेट सर्वसामान्य माणसासाठी १४ जानेवारी २०२० ला संपली. खेळ विकणाऱ्या आणि चालवणाऱ्या स्टीम या सेवेने एक्सपी आणि व्हिस्टाला १ जानेवारी २०१९ रोजी, तर ७, ८ आणि ८.१ ला १ जानेवारी २०२४ रोजी निरोप दिला. याचे कारण असे की स्टीमची खिडकी आतून क्रोम ब्राउझरच्या गाभ्यावर चालते, आणि क्रोमने विंडोज ७ आधीच सोडली होती. जुन्या विंडोजला एखादी कंपनी मुद्दाम मारते असे नसून, तिच्या आधाराने उभे असलेले एकेक खांब आपापल्या कारणाने निघून जातात आणि मग छत खाली येते. २०२३ साली आलेला काउंटर-स्ट्राइक २ तर डायरेक्टएक्स ९ आणि ३२ बिट दोन्ही मागे टाकूनच आला. व्हॅलोरंट हा इंटरनेटवरचा नेमबाजीचा खेळ विंडोज ११ वर खेळायचा असेल तर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि सिक्युअर बूट, म्हणजे संगणक सुरू होतानाची तपासणी, दोन्ही चालू असावी लागतात, कारण फसवणूक पकडणारा त्याचा प्रोग्राम विंडोजच्या गाभ्यात बसतो आणि संगणक सुरू झाल्या क्षणापासून काहीही बदललेले नाही याची त्याला खात्री हवी असते.

सुरक्षेबद्दल मी थोडे कळकळीने बोलणार आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभर जे संगणक बंद पाडले, त्यांतले बहुसंख्य विंडोज ७ चे होते. त्यावरचे अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते ते सापडले. माझ्याकडे धरणगावकडच्या एका घरातला संगणक आला होता. मुलाने कुठून तरी आणलेली "गेमिंग एडिशन" विंडोज ७ त्यात होती, म्हणजे कोणा अनोळखी माणसाने अपडेट आणि सुरक्षा कापून हलकी केलेली. त्यावर त्याने क्रॅक केलेला, म्हणजे नकलेचे कुलूप तोडलेला, खेळ टाकला होता. तीन दिवसांत सगळ्या फाइलींना कुलूप लागले. खेळ पुन्हा टाकता आला असता, पण त्याच डिस्कवर त्याच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो होते आणि ते मला परत मिळवता आले नाहीत. त्या आईचा चेहरा आठवला की "हलकी विंडोज" हा शब्द मला नकोसा होतो.

आता विंडोज ११ कडे वळतो, कारण तिथे आपल्या भागाची खरी पंचाईत आहे. खान्देशातल्या खेळणाऱ्या मुलांकडे नवे कोरे संगणक क्वचितच असतात. पुण्या-मुंबईच्या कार्यालयांतून निघालेला, इंटेलच्या चौथ्या किंवा सहाव्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरचा संगणक, त्यात १६ जीबी रॅम, एक एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) आणि वापरलेले जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड, हा आपल्याकडचा नेहमीचा मेळ आहे आणि पैशाच्या मानाने तो चांगला आहे. पण विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढेच चालते. युक्ती करून ती जुन्या यंत्रात बसवता येते, मात्र अशा यंत्राला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. शिवाय विंडोज ११ मध्ये मेमरी इंटिग्रिटी नावाचे संरक्षण नव्या यंत्रांत सहसा चालूच येते. त्याला लागणारी प्रोसेसरमधली सोय इंटेलच्या घरगुती प्रोसेसरांत सातव्या पिढीपासून आली. त्याआधीच्या प्रोसेसरला तेच काम फिरून फिरून करावे लागते आणि खेळाच्या फ्रेम, म्हणजे दर सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रे, त्यात कमी होतात. खेळताना हे संरक्षण तात्पुरते बंद करता येते असे मायक्रोसॉफ्टनेच सांगितले आहे, पण खेळ संपल्यावर ते पुन्हा चालू करण्याची आठवण किती जणांना राहते? उलट ज्याच्याकडे बाराव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा, मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) असलेला इंटेल प्रोसेसर आहे, त्याने विंडोज ११ च घ्यावी, कारण कोणते काम कोणत्या कोअरला द्यायचे हे तिला विंडोज १० पेक्षा चांगले कळते.

मग त्या चौथ्या-सहाव्या पिढीच्या यंत्राचे करायचे काय? विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे खाते जोडावे लागते, आणि सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात ठेवला तर पैसे न देताही ती मिळते. तोपर्यंत या यंत्रांनी विंडोज १० वरच राहावे असे माझे ठाम मत आहे. ज्या जीटीएक्स १०५० टीआयबद्दल मी बोललो, त्याच्या पिढीसाठी एनव्हिडियाने नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले, सुरक्षेचे मात्र ऑक्टोबर २०२८ पर्यंत येतील. म्हणजे त्या यंत्राचे वय विंडोज आणि कार्ड दोघांनी मिळून ठरवले आहे, आणि सेवन टाकून ते तरुण होणार नाही.

त्यानंतर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम. वाइन हा विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारा प्रकल्प १९९३ पासून चालू आहे, आणि त्याच्याच पायावर स्टीमने २०१८ साली खेळांसाठी प्रोटॉन ही सोय उभी केली. एकट्याने खेळायचे बहुतेक खेळ आज त्यावर चालतात, व्हॅलोरंट मात्र चालत नाही. ज्याचा सारा जीव व्हॅलोरंटमध्ये आहे त्याने लिनक्सच्या वाटेला जाऊ नये. गंमत अशी, की काही जुने १६ बिटचे प्रोग्राम, जे ६४ बिटची विंडोज नाकारते, ते ६४ बिटच्या लिनक्सवर वाइनमधून चालतात.

एक गोष्ट आपल्या हवामानाची. एप्रिल-मेमध्ये "अपडेटनंतर खेळ अडखळायला लागला" अशा तक्रारी माझ्याकडे दुपटीने येतात. त्या महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, आणि जिनिंगच्या आसपासच्या घरांतल्या संगणकांच्या पंख्यांत कापसाचे तंतू नमद्यासारखे बसलेले असतात. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवतो, आणि दोष विंडोजच्या माथी येतो. अशा यंत्रात नवी विंडोज टाकण्याआधी झाकण उघडून ब्रश फिरवावा, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलावी. निम्म्याहून अधिक यंत्रे मी तेवढ्यावरच परत पाठवतो. बाकीच्यांत पुष्कळदा जुनी फिरती हार्ड डिस्क सापडते. ती काढून एसएसडी लावली की जो फरक पडतो, तो कोणतीही जुनी विंडोज टाकून पडत नाही.

राहिले जुन्या खेळांचे. त्यांसाठी लगेच एक्सपी टाकण्याआधी सोपे मार्ग करून पाहावेत. विंडोज १० आणि ११ मध्ये डायरेक्टप्ले ही जुनी सोय बंद ठेवलेली असते, ती चालू करावी. जून २०१० चे डायरेक्टएक्स रनटाइम, म्हणजे जुन्या खेळांना लागणाऱ्या फाइलींचा संच, टाकावे. विंडोजच्याही आधीच्या डॉस या सिस्टीमवरच्या खेळांसाठी डॉसबॉक्स वापरावा. आणि जुनी थ्रीडी चित्रे आजच्या कार्डाच्या भाषेत उतरवणारा डीजीवूडू वापरावा. इतके करूनही खेळ हट्ट सोडत नसेल, तर त्याच्यासाठी वेगळे यंत्र ठेवावे. माझ्या दुकानाच्या कोपऱ्यात असे एक आहे: कोअर २ ड्युओ, २ जीबी रॅम, विंडोज एक्सपी, सीडी ड्राइव्ह आणि जुना चौकोनी मॉनिटर. त्याच्या नेटवर्क पोर्टमध्ये मी चिकटपट्टी लावून ठेवली आहे, म्हणजे कोणी विसरूनही केबल जोडू नये. त्यात कोणाचे बँकेचे काम होत नाही, फोटो ठेवले जात नाहीत, पेन ड्राइव्ह लावायचा तर आधी दुसऱ्या यंत्रावर तपासून. घरात चांगल्या स्थितीत असलेल्या जुन्या खेळांच्या सीडी असतील तर त्या घेऊन या. त्या यंत्रावर लावून पाहू, चालल्या तर त्यांची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढून तुमच्याच डिस्कवर देतो. सीडीवरचा चकाकता थर आपल्या उन्हाळ्यात सुटू लागतो, तेव्हा हे काम पुढच्या मार्चच्या आत उरकलेले बरे.