नऊ मतांची वाट पाहणारे अध्यक्ष

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेचा पहिला अध्यक्ष कोण, असं विचारलं की शाळकरी पोरसुद्धा वॉशिंग्टन म्हणेल. मग कुणीतरी चौकस माणूस हळूच सांगतो, "छे, जॉन हॅन्सन!" मेरीलँडचे हे हॅन्सन ५ नोव्हेंबर १७८१ ला अध्यक्ष झाले, हे खरं. पण ते राज्यांच्या प्रतिनिधींच्या काँग्रेस नावाच्या सभेचे अध्यक्ष, देशाचे नव्हेत. आणि त्या खुर्चीवरही त्यांचा नंबर आठवा. पहिले पेटन रँडॉल्फ, १७७४ चे. संविधानाआधी एकूण चौदा जण तिथे बसले.

काम काय? सभा चालवायची, पत्रांवर सही करायची, परदेशी राजदूतांना जेवू घालायचं. नकाराधिकार नाही, सैन्य हाताखाली नाही. तीन वर्षांत जास्तीत जास्त एक वर्ष ही खुर्ची. हॅन्सन आठवड्यातच कंटाळले, सोडून जायला निघाले. पण नवा अध्यक्ष निवडण्याइतके सदस्यच हजर नव्हते, म्हणून राहिले!

खरं दुखणं हेच, गणसंख्या, म्हणजे निर्णयाला लागणारी किमान हजेरी. राज्यं तेरा, प्रत्येकाला एकच मत. ते मोजलं जायचं ते राज्याचे किमान दोन प्रतिनिधी हजर असतील तरच. युद्ध, तह, कर्ज यांना नऊ मतं लागत. प्रतिनिधींचा खर्च ज्याच्या त्या राज्याने करायचा, आणि राज्यांची तिजोरी रिकामी. मग येतो कोण?

१७८३ चा हिवाळा घ्या. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध संपवणारा इंग्लंडशी तह ३ सप्टेंबरला पॅरिसमध्ये झालेला, सहा महिन्यांत मंजुरीचे कागद तिकडे पोचायला हवेत. समुद्रप्रवासच दीड-दोन महिन्यांचा. अॅनापोलिसला अध्यक्ष टॉमस मिफ्लिन बसलेत आणि हजर राज्यं सात. २३ डिसेंबरला वॉशिंग्टननी सेनापतिपदाचा राजीनामा दिला तो याच अर्ध्यामुर्ध्या सभेपुढे. आणि तो स्वीकारणारे मिफ्लिन कोण, तर एकेकाळी त्यांच्याच फौजेची रसद पाहणारे आणि पुढे त्यांच्याविरुद्धच्या कुजबुजीत नाव आलेले.

सातच मतांवर तह उरकून टाकू, असं काहीजण म्हणाले. व्हर्जिनियाचे प्रतिनिधी जेफर्सन यांनी विरोध केला, आणि योग्यच केला. उद्या इंग्रजांनी तोच दोष काढला असता. साउथ कॅरोलायनाचा एक प्रतिनिधी फिलाडेल्फियात आजारी होता, तर सभाच त्याच्या खाटेपाशी न्यावी, अशीही सूचना निघाली. अखेर कनेक्टिकटची माणसं आली, आजारी गृहस्थही आले, आणि १४ जानेवारी १७८४ ला नऊ मतं भरली. कागद तरीही उशिराच पोचले. नशीब, इंग्रजांनी ताणून धरलं नाही.

पुढच्याच वर्षी जॉन हॅनकॉकना पुन्हा निवडलं. ते तर खुर्चीवर बसायला आलेच नाहीत.

या चौदांपैकी हेन्री लॉरेन्स यांची गोष्ट फिरत फिरत आपल्याकडे येते. अध्यक्षपदानंतर, १७८० मध्ये ते हॉलंडला निघाले असताना इंग्रजांनी जहाज पकडलं. लॉरेन्सनी कागदपत्रं समुद्रात फेकली, ती इंग्रजांनी बाहेर काढली. त्यात हॉलंडशी तहाचा मसुदा होता. इंग्लंडने हॉलंडशी युद्ध पुकारलं, आणि लॉरेन्स लंडनच्या टॉवर नावाच्या किल्ल्यात कैद झाले. पुढे त्यांची अदलाबदल झाली ती यॉर्कटाउनला अमेरिकनांपुढे हरलेल्या इंग्रज सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिसशी. मजा म्हणजे त्या टॉवरचा मानाचा किल्लेदार हाच कॉर्नवॉलिस. तोच पुढे गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला, आणि १७९२ मध्ये टिपूच्या श्रीरंगपट्टणाला त्याने वेढा घातला तेव्हा हरिपंत फडके मराठी फौज घेऊन त्याच्या बाजूने उभे होते.