मोबाइलचा प्लॅन आणि नवा फोन : हिशेब वर्षाचा मांडा

नमस्कार. सोलापुरातून आपणा सर्वांचे स्वागत.

नवी पेठेतून चालताना मोबाइलच्या दुकानांवर ‘आज थोडेसे भरा, फोन घेऊन जा’ अशा अर्थाच्या पाट्या दिसतात, आणि रिचार्जच्या जाहिरातीत ‘रोज फक्त इतके रुपये’ असे लिहिलेले असते. दोन्ही ठिकाणी रक्कम लहान तुकड्यांत सांगितलेली असते आणि पूर्ण आकडा ग्राहकाने स्वतः काढायचा असतो. म्हणून आजच्या व्हिडिओत माझे सांगणे एकच आहे: रिचार्ज असो वा नवा फोन, त्यापायी वर्षभरात घरातून एकूण किती पैसे जाणार आहेत हे आधी कागदावर मांडा आणि त्यानंतरच दुकानात पाऊल ठेवा.

सुरुवात रिचार्जपासून करू. प्रीपेडचा ‘महिना’ बहुतेक प्लॅनमध्ये २८ दिवसांचा असतो, त्यामुळे वर्षात बारा नव्हे तर तेरा रिचार्ज करावे लागतात. या विषयी ग्राहकांच्या तक्रारी झाल्यावर ट्रायने, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला की प्रत्येक कंपनीने किमान एक प्लॅन ३० दिवसांचा आणि किमान एक प्लॅन दर महिन्याच्या ठरावीक तारखेला नूतनीकरण होणारा ठेवलाच पाहिजे. हे प्लॅन उपलब्ध असतात, परंतु दुकानदार ते आपणहून सांगेलच असे नाही, तेव्हा ‘३० दिवसांचा कोणता आहे?’ असे स्पष्ट विचारावे.

[पडद्यावर : ३५० ÷ २८ = १२.५० रुपये रोज; ८६० ÷ ८४ = १०.२४ रुपये रोज]

समजा, एका प्लॅनला २८ दिवसांसाठी ३५० रुपये पडतात आणि तेवढाच डेटा देणाऱ्या दुसऱ्या प्लॅनला ८४ दिवसांसाठी ८६० रुपये पडतात. पहिल्याचा दिवसाचा खर्च साडेबारा रुपये येतो आणि दुसऱ्याचा सव्वादहा रुपयांच्या आसपास. वर्षाच्या ३६५ दिवसांना गुणले की एका सिममागे सुमारे ८२५ रुपयांचा फरक पडतो, आणि घरात चार सिम असतील तर तो तीन हजारांच्या पुढे जातो. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत; दर बदलत राहतात, परंतु भागाकाराची ही रीत बदलत नाही. मात्र आठवड्याला पगार घेणाऱ्या यंत्रमाग कामगाराला ८६० रुपये एकदम काढणे जड जाते, हे मी जाणतो. अशा वेळी घरातील एकाच सिमपासून सुरुवात करावी, आणि त्यात वाचलेल्या पैशांतून पुढच्या सिमचा मोठा रिचार्ज करावा.

आता एका गोष्टीवर मला थोडे थांबायचे आहे, कारण ती आपल्या शहराच्या फार जवळची आहे. पूर्व भागातील कितीतरी घरांत आईकडे किंवा आजीकडे साधा बटणांचा फोन असतो. त्यावर इंटरनेट चालत नाही किंवा त्यांना ते नको असते, तरीही दर रिचार्जमध्ये डेटाचे पैसे भरले जातात. विड्या वळून मिळणाऱ्या मजुरीतून न वापरलेल्या डेटाचे पैसे जाणे मला अन्यायाचे वाटते. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये नियमात दुरुस्ती करून कंपन्यांना केवळ कॉल आणि एसएमएस असलेले स्वतंत्र व्हाउचर देणे बंधनकारक केले, आणि अशा व्हाउचरची मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवण्यास परवानगी दिली. त्यामुळे आईचा पुढचा रिचार्ज करताना ‘बिनडेटाचा, फक्त कॉलचा प्लॅन दाखवा’ असे म्हणा, आणि त्याचाही दिवसाचा खर्च काढून मगच पैसे द्या.

ज्यांना डेटा लागतो त्यांनी तो किती लागतो हे अंदाजाने ठरवू नये. फोनच्या सेटिंगमध्ये डेटा वापराचा महिन्याचा आकडा दिसतो. त्याला तीसने भागले की रोजची सरासरी मिळते. घरी वायफाय असेल आणि सरासरी पाऊण जीबीच येत असेल तर रोज दोन जीबीचा प्लॅन घेण्यात अर्थ नाही. दिवसाचा कोटा संपला की बहुतेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे व्हिडिओ पाहण्याच्या दृष्टीने इंटरनेट थांबल्यासारखेच होते; परंतु असे महिन्यातून एखाद्या दिवशीच होत असेल तर त्या दिवसापुरते डेटा व्हाउचर घेणे स्वस्त पडते. ‘अमर्याद ५जी’ पाहून महागडा प्लॅन घेण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात: आपला फोन त्या कंपनीच्या ५जीवर चालतो का, आपल्या घरात आणि कामाच्या ठिकाणी ५जी खरोखर पोचते का, आणि ती सवलत नेमक्या कोणत्या प्लॅनपासून पुढे लागू होते. चित्रपट-मालिकांच्या ॲपची फुकट सदस्यता सोबत येत असेल, तर आपण ती स्वतंत्रपणे पैसे देऊन घेतली असती का, एवढाच प्रश्न स्वतःला विचारावा.

सर्वांत स्वस्त प्लॅनसुद्धा रेंज नसेल तर महागच ठरतो. कंपन्यांना आपल्या संकेतस्थळावर कव्हरेजचा नकाशा ठेवावा लागतो, तो अवश्य पाहावा. पण अक्कलकोट रोड एमआयडीसीतील पत्र्याच्या शेडखाली किंवा जुन्या वाड्याच्या आतल्या खोलीत काय होते, ते नकाशा सांगत नाही. त्यासाठी त्या कंपनीचे सिम असलेल्या एखाद्या मित्राला घरी बोलवावे, त्याच्या फोनवरून आतल्या खोलीतून कॉल लावून पाहावा, आणि संध्याकाळी गर्दीच्या वेळी इंटरनेटही चालवून पाहावे. गावी, म्हणजे मंगळवेढ्याकडे किंवा बार्शीकडे, वारंवार जाणे असेल तर तिथल्या नातेवाइकांनाही विचारावे.

कंपनी बदलायचे ठरले तर क्रमांक तोच राहतो. ही सोय देशभरात जानेवारी २०११ पासून आहे. आपल्या फोनवरून १९०० या क्रमांकावर इंग्रजी अक्षरांत ‘पोर्ट’, मग एक जागा सोडून आपला दहा अंकी क्रमांक, असा एसएमएस पाठवायचा. उत्तरात आठ अक्षरांचा कोड येतो. आपल्या भागात तो चार दिवस चालतो. तो कोड आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात गेले की एकाच परिमंडळात, म्हणजे दूरसंचार सेवेच्या एकाच विभागात, साधारण तीन कामाच्या दिवसांत बदल होतो. सोलापूर आणि पुणे एकाच, महाराष्ट्र व गोवा परिमंडळात येतात. मुंबईचे परिमंडळ वेगळे आहे, म्हणून इथला क्रमांक तेथे न्यायचा असेल तर पाच कामाचे दिवस धरावेत.

यात काही अटी आहेत आणि त्या माहीत नसल्याने अर्ज फेटाळले जातात. सध्याच्या कंपनीत किमान ९० दिवस झालेले असावेत. पोस्टपेड असेल तर थकीत बिल भरलेले असावे. आणि सिम हरवले म्हणून किंवा खराब झाले म्हणून नुकतेच बदलून घेतले असेल, तर जुलै २०२४ पासूनच्या नियमाप्रमाणे त्यानंतर सात दिवस हा कोड मिळत नाही. फसवणूक करून दुसऱ्याचा क्रमांक पळवण्याचे प्रकार रोखण्यासाठी हा नियम आहे आणि मला तो योग्य वाटतो. पैशांच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की प्रीपेडची उरलेली मुदत आणि शिल्लक नव्या कंपनीकडे जात नाही, म्हणून चालू रिचार्ज संपत आला असतानाच बदल करावा. सिम बदलण्याच्या रात्री काही तास सेवा बंद राहते, तेव्हा बँकेचे किंवा तिकिटाचे काम त्या वेळेसाठी ठेवू नये. कोड मागितल्यावर जुन्या कंपनीकडून सवलत देण्यासाठी फोन येऊ शकतो. सवलत चांगली असेल तर घ्यावी, पण ती एसएमएसने लेखी मागावी. आणि फोनवर कोणी तो कोड किंवा ओटीपी विचारला तर तो कोणालाही सांगू नये.

आता नव्या फोनकडे वळू. माझे पहिले मत असे की फोन बदलण्यापूर्वी बॅटरीचा विचार करावा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, आणि उष्णतेने लिथियम बॅटरी लवकर थकते. दुचाकीच्या डिकीत किंवा खिडकीजवळच्या उन्हात फोन ठेवणाऱ्यांना हा अनुभव असेलच. फोनचा वेग ठीक असेल, कंपनी त्याला सुरक्षा अपडेट अजून देत असेल आणि तक्रार फक्त चार्जिंग टिकत नसल्याची असेल, तर अधिकृत सेवा केंद्रात बॅटरी बदलण्याचा दर आधी विचारावा. तो नव्या फोनच्या किमतीपुढे अगदी थोडा असतो.

फोन घ्यायचाच असेल तर ‘नो कॉस्ट ईएमआय’, म्हणजे बिनव्याजी म्हणून सांगितलेला मासिक हप्ता, नीट समजून घ्यावा. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसते. प्रत्यक्षात व्याज लागते, आणि तेवढी रक्कम सवलत म्हणून आधी वजा केलेली दाखवतात. क्रेडिट कार्डाचे उदाहरण घेऊ.

[पडद्यावर : फोन २४,००० रुपये, ४,००० रुपयांचे सहा हप्ते]

वार्षिक व्याजदर १५ टक्के धरला तर यात व्याज सुमारे १,०१६ रुपये येते आणि तेवढी सवलत मिळते. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो साधारण १८३ रुपये, आणि तो आपणच भरतो. प्रोसेसिंग फी १९९ रुपये असेल तर जीएसटी धरून ती २३५ रुपये होते. म्हणजे ‘नो कॉस्ट’ची कॉस्ट ४१८ रुपये झाली. हीसुद्धा मोठी रक्कम नाही. खरा फटका वेगळ्याच ठिकाणी बसतो: रोख घेणाऱ्याला त्याच दुकानात हजार-दीड हजार रुपये कमी होत असतात आणि हप्त्यावर घेणाऱ्याची ती सूट जाते. म्हणून दुकानात ईएमआयचे नाव काढण्यापूर्वी ‘आज पूर्ण पैसे दिले तर शेवटचा भाव काय?’ हा प्रश्न विचारावा.

दुकानातल्या फायनान्स कंपनीकडून कर्ज घेताना पैसे मात्र दुसऱ्या वाटांनी वाढतात: फाइल चार्ज, फोनचा विमा, वाढीव वॉरंटी, आणि हप्ता चुकला तर दंड. ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जासाठी मुख्य तथ्य विवरणपत्र देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे, ज्यात सर्व शुल्क धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. ते पत्र मागा, वाचा, आणि न मागितलेला विमा त्यात असेल तर सही करण्यापूर्वी काढायला लावा. हप्ते थकले तर फोन बंद पाडणारे लॉक ॲप टाकले जाते का, हेही विचारा. पाच-सहा हजारांचा हप्ता चुकल्याने सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, बिघडले आणि पुढे घरकर्जाला अडचण आली, असे होणे मुळीच अशक्य नाही.

एक्स्चेंजच्या, म्हणजे जुना फोन देऊन नवा घेण्याच्या, पाटीवरील ‘पर्यंत’ हा शब्द ठळक वाचावा, कारण ती कमाल किंमत असते आणि फोन तपासल्यावर ती खाली येते. तोच नवा फोन एक्स्चेंजशिवाय कितीला आहे ते विचारून वजाबाकी करा; जी रक्कम उरेल तीच आपल्या जुन्या फोनची खरी किंमत. फोन देण्यापूर्वी गुगल किंवा ॲपलचे खाते काढून टाकावे आणि त्यानंतर फॅक्टरी रिसेट करावा. उलट, आपण स्वतः जुना फोन विकत घेत असाल तर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून पंधरा अंकी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढा, आणि इंग्रजी अक्षरांत ‘केवायएम’, एक जागा आणि तो क्रमांक असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. क्रमांक काळ्या यादीत, बनावट किंवा आधीच वापरात असल्याचे उत्तर आले, तर कितीही स्वस्त असला तरी तो फोन तिथेच ठेवून यावे. नवा असो वा जुना, आयएमईआय लिहिलेले पक्के बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. वॉरंटी आणि चोरीची तक्रार या दोन्ही कामांना ते लागते.

इतके करूनही न मागितलेली सेवा चालू झाली किंवा पैसे कापले गेले, तर १९८ वर तक्रार करावी आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. उत्तराने समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येते. त्याला शुल्क नाही, आणि त्यावर ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. दुकानदाराविरुद्धची तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तेथे मराठीतही बोलता येते.