भिंतीवरची पाण्याची खूण

श्रोतेहो, नमस्कार.

चिपळूणच्या बाजारपेठेत एखाद्या जुन्या दुकानदाराला पुराबद्दल विचारा. तारखेच्या आधी त्याचा हात भिंतीकडे जातो. "इथवर होतं पाणी." जुलै २००५, मग २२ जुलै २०२१. आज मला बोलायचंय ते त्या हाताबद्दल.

चिपळूणची नदी वाशिष्ठी. ती सह्याद्रीत तिवरे गावाच्या बाजूला उगवते आणि दाभोळ-अंजनवेलला समुद्राला मिळते. वाट लांबची नाही. घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस काही तासांत शहरात उतरतो आणि त्याच वेळी खाडीला उधाण असलं की पाणी तुंबतं. त्यात साठच्या दशकापासून कोयनेचं पाणीही मिसळतं. खरं तर ते कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराकडे जायचं. बोगद्यांतून डोंगराच्या पोटात उतरून, पोफळीला वीज करून ते वाशिष्ठीत सुटतं. कृष्णा पाणीतंटा लवादाने त्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची, म्हणजे ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली आहे. उन्हाळ्यातही ही नदी भरलेली दिसते ती या पाण्यामुळे. पण अतिवृष्टीत किती पाणी कधी सुटतं, हे नदीकाठच्या माणसाला वेळेवर कळायलाच हवं.

आणि गाळ! डोंगरावरची झाडं तुटली की माती पऱ्यांतून, म्हणजे डोंगरातल्या ओढ्यांतून, खाली येते, पात्र उथळ होतं. चिपळूणजवळच्या गोवळकोटच्या धक्क्याला एके काळी मालाची गलबतं लागत. खाली दाभोळ तर बहामनी काळातलं नावाजलेलं बंदर. रशियाचा व्यापारी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात तिथूनच परतीच्या प्रवासाला निघाला, आणि १५०८च्या डिसेंबरात पोर्तुगीजांनी ते जाळलं. बंदराचा हा इतिहास आणि गाळाचा प्रश्न आपण वेगवेगळ्या व्याख्यानांत ऐकतो. मला ते पटत नाही. ज्या पाण्यावर गलबतं चालली, त्याच पाण्याची खोली आज आपण मोजतोय.

शहरातलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४चं. पुराचं पाणी तिथल्या पुस्तकांतही शिरलं. ज्या कागदांवर गावाची आठवण होती, तेच कागद भिजले, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून या नदीवरची व्याख्यानं तिवऱ्यालाही व्हावीत, दाभोळच्या कोळीवाड्यातही व्हावीत. खाडीत मासळी कधी कमी झाली, तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, कुठे तुटली, हे तिथल्या माणसाने सांगावं आणि आपण खाली बसून ऐकावं.

तोवर एक करा. घराच्या भिंतीवर पुराची खूण असेल, तर रंग देण्याआधी ती जमिनीपासून मोजा. तारीख लिहा, वेळ लिहा, आणि तेव्हा भरती होती की ओहोटी, तेही लिहा.