मापात पाप नको : ऑप्टिमिस्ट बोटीची तपासणी

[पहाटेचा रॅम्प, ट्रॉलीवरच्या बोटी]

सकाळचे साडेसहा वाजलेत, मुंबई हार्बरला ओहोटी लागलीय आणि रॅम्पचा खालचा अर्धा भाग शेवाळाने हिरवागार झालाय. पोरं ट्रॉल्या ओढतायत, पण पाण्याकडे नाही, उलट दिशेला, शेडकडे. आज शर्यत नाहीच, आज मोजमाप.

ही ऑप्टिमिस्ट. पंधरा वर्षांपर्यंतच्या पोरांची शिडाची बोट, लांबी 2.36 मीटर, नाक सुरीने कापल्यासारखं चपटं, पहिल्यांदा बघणारा हमखास विचारतो की पुढची बाजू कुठली. या नाकाची पण एक गोष्ट आहे. 1947, फ्लोरिडातलं क्लिअरवॉटर. तिकडे पोरं उतारावरून घरी ठोकलेल्या लाकडी गाड्या पळवायची, तर ऑप्टिमिस्ट क्लब या समाजसेवी मंडळाच्या मेजर क्लिफर्ड मॅके यांच्या डोक्यात आलं की आपल्याकडे एवढं पाणी आहे, मग बोटी का नकोत. त्यांनी क्लार्क मिल्स नावाच्या बोट बांधणाऱ्याला गाठलं, अट एकच, खर्च 50 डॉलरच्या आत बसला पाहिजे. प्लायवूडचा तक्ता मिळायचा 8 फुटी. आता 8 फुटांत टोकदार नाक कुठून काढणार, मग पुढे सरळ फळी ठोकली आणि विषय संपवला! अ‍ॅक्सेल डॅमगार्ड नावाचा एक जण ती डेन्मार्कला घेऊन गेला, 1965 साली आंतरराष्ट्रीय संघटना झाली, आज शंभरहून जास्त देशांत ही बोट आहे.

पण घरोघरी ठोकलेली बोट म्हटल्यावर जो तो आपापल्या सोयीने ठोकणार, आणि नंतर फायबरच्या बोटी आल्यावर तर नियमाच्या फटीत बसवून जरा जास्त पळणारी बोट बनवायची आणि जास्त भावाने विकायची हे सुरू होणारच. 1995 साली ते आवळलं. आता हलचा, म्हणजे बोटीच्या मूळ सांगाड्याचा, आकार सगळ्यांना एकच, लायसन असलेल्याच बिल्डरने बनवायचा, प्रत्येक हलला नंबराची प्लेट, आणि मेजररने, म्हणजे मोजमाप करणाऱ्या अधिकाऱ्याने, माप घेऊन फॉर्मवर सही केल्यावरच बोटीची कागदपत्रं तयार होतात. ती नसतील तर शर्यतीत उतरताच येत नाही. म्हणजे सर्टिफिकेट आधीच झालेलं असतं, इथे शेडमध्ये बघायचं ते एवढंच की कागदावरची बोट आणि समोरची बोट अजून एकच आहे का.

[बोट उलटी करताना]

दोघांनी उचलली, उलटी केली, लाकडी घोडीवर ठेवली. मेजररचा हात आधी तळावरून फिरतो. टेप नंतर, टेम्प्लेट म्हणजे आकाराचा साचा तोही नंतर, आधी तळहात. सर नौदलातून रिटायर झालेत, मानधन शून्य, दिवसभराचा चहा आणि एक टी-शर्ट एवढ्यावर उभे असतात. फॉर्म भरताना त्यांची कार्बन पेपर ठेवायची सवय अजून गेलेली नाही. आता टेम्प्लेट लावतायत, तळ आणि टेम्प्लेटमधल्या फटीतून उजेड येतोय तो बघा. ती फट किती चालेल हे पण लिहून ठेवलेलं आहे.

[शिडाचं टेबल]

आता शीड. सपाट टेबलावर पसरायचं, सुरकुती जाईल एवढंच ताणायचं, जास्त नाही, कापड आहे, ओढाल तेवढं माप देईल. मागच्या कडेचा मध्य कसा काढतात माहितीये? टेपने नाही. वरचं टोक खालच्या मागच्या टोकावर आणून घडी घालायची, आपण धोतराची घालतो तशी, घडी पडली तो मध्य. तिथून समोरच्या कडेपर्यंत रुंदी. सगळं जमलं तर कोपऱ्याजवळ सही आणि तारीख.

मग शीड डोलकाठीला बांधून उभं करायचं. बारीक बारीक दोऱ्यांच्या गाठी असतात, आणि शीड आणि काठी यांच्यात 10 मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर चालत नाही. एकेका गाठीला गेज लावून बघतायत. या मुलीची वरून तिसरी गाठ सैल निघाली. सर काही बोलले नाहीत, नुसतं बोट ठेवलं, तिने दातांनी सोडली आणि पुन्हा आवळून बांधली.

डॅगरबोर्ड, म्हणजे बोटीच्या मधून खाली पाण्यात सोडायची फळी, तरंगायलाच पाहिजे, म्हणून निळ्या पिंपात सोडतात. हा शॉट आम्ही चार वेळा घेतला कारण पोरांना तो फारच आवडला.

[वजनकाटा]

आणि आता काटा. हल कोरडा हवा, म्हणून रात्रीपासून फडक्यांनी टिपणं चाललंय. शीड, काठी, सुकाणू सगळं काढायचं, पक्कं बसवलेलं सामान तेवढं ठेवायचं. कमीत कमी 35 किलो. ही नवीकोरी बोट, 34.8. दोनशे ग्रॅम कमी म्हणजे तेवढं वजन आत पक्कं बसवायचं, खिशात दगड ठेवल्यासारखं नाही चालत. ते कुठे बसवलं यानेही फरक पडतो, कारण दोन्ही टोकं हलकी असली की बोट लाटेवर कमी डोलते आणि जास्त पळते. फिन नावाच्या मोठ्या बोटीत तर एवढ्यासाठी अख्खी बोट टांगून झुलवतात आणि झोक्याचा वेळ मोजतात, फ्रान्सच्या लॅम्बोलीने काढलेली पद्धत.

पुढची बोट क्लबची, जुनी, रंगाचे तीन थर दिसतायत. काटा 37.4.

पास.

कारण नियम खालचा आकडा बघतो, वरचा नाही. अडीच किलोच्या आसपास जास्तीचं वजन ते, कुठे पाणी मुरलंय, कुठे डागडुजीचं रेझिन. हलकी बोट करून कोणी फायदा घेऊ नये म्हणून एवढी यंत्रणा, आणि ज्याला जुनी बोट मिळालीय त्याने ते अडीच किलो घेऊन पळायचं. सरांना विचारलं तर ते म्हणाले, मी कमी काढू शकत नाही ना. खरंय. तरी आम्हाला वाटतं क्लबांनी निदान बोटी सुकवायला नीट जागा द्यावी, उघड्यावर पावसात पालथ्या पडलेल्या बोटींचं फुटेज आमच्याकडे आहे, ते आत्ता दिसतंय.

शेवटी सुरक्षेचं सामान. लाइफ जॅकेट, त्याला बांधलेली शिटी, पाणी उपसायचा डबा दोरीला बांधलेला, हवेच्या तीन पिशव्या टणक भरलेल्या, आणि 8 मीटरची तरंगणारी दोरी. पोरगं दोरी हातावर मोजून दाखवतंय, सर हसले आणि टेप लावलाच.

तपासणी झाली की शिक्के. एक हल, एक शीड, एक काठी, मोडलं तर कमिटीला विचारूनच बदलायचं. न विचारता बदललं आणि सापडलं तर निकाल जातो.

[जुन्या बोटीचा क्लोजअप]

37.4 वाल्या बोटीचा मुलगा हा. काट्यावरून उतरवल्यापासून फडकं घेऊन बसलाय, आत कुठेतरी अजून ओल आहे म्हणतो. भरती दुपारी आहे.