नाल काढल्यानंतरचं वर्ष

(सारंगखेड्याच्या यात्रेत अश्वपालकांसमोर केलेलं भाषण, संपादित)

मंडळी, दत्तजयंतीला तापीकाठी घोडा घ्यायला आलेला माणूस दात बघतो, भोवरे बघतो, कानांचा बाक बघतो, रवाल, म्हणजे धक्का न देणारी, चाल बघतो. पाय उचलून तळवा बघणारे मला फार थोडे दिसले. मीही बघत नव्हतो.

माझी घोडी पुढच्या डाव्या पायानं लंगडायला लागली, तेव्हा गडी म्हणाला, "भाऊ, घोडी लंगडी र्‍हायनी." आम्ही नाल बदलली. पुन्हा लंगडली, पुन्हा बदलली. वरातींचा हंगाम, त्यात एकदा ठोकलेली नाल तीन-तीन महिने तशीच. खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतो, नाल आहे तेवढीच राहते. मग खुराचं टोक पुढे लांबतं, टाच आवळते आणि त्याच पायाच्या मागच्या बाजूच्या शिरांवर ताण येतो. घोडी सांगत होती, मला ऐकू येत नव्हतं. याचं मला आजही वाईट वाटतं.

पण लंगडतेय म्हणून उपटा नाल, असं करू नका. आधी डॉक्टर. खुरात पू असेल, खिळा जिव्हाळी लागला असेल, शीर दुखावली असेल किंवा लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या थराची सूज, असेल. प्रत्येकाचा उपचार वेगळा. एक्स-रे काढल्याशिवाय मी नालेला हात लावू दिला नाही.

नालबंदानं खिळ्यांची वळवलेली टोकं कानशीनं उडवली आणि एकेक खिळा सरळ ओढला. कडा गोल केली. तळवा मात्र कोरू दिला नाही. तो आधीच पातळ होता. अंगणातल्या खडीवर घोडी निखाऱ्यावरून चालावी तशी चालली. माझा जीव खाली-वर झाला. त्याच रात्री नाल परत ठोकायचा विचार मनात आला होता.

पहिले काही आठवडे तिला फक्त मऊ मातीत आणि नदीकाठच्या वाळूत हातानं फिरवली, सुरुवातीला दहाच मिनिटं. कडक रस्ता ओलांडायचा तर खुराचे रबरी बूट. केसांच्या रेघेखाली कानशीनं बारीक खूण केली होती. ती दर महिन्याला बोटाच्या जाडीपेक्षाही कमी खाली सरकायची. टोकापर्यंत पूर्ण नवा खूर यायला 9 ते 12 महिने लागतात, हे त्या खुणेनं मला शिकवलं. दर चार-पाच आठवड्यांनी थोडी कानस, बस्स.

रोज सकाळी मी जमिनीवर आडवा होऊन तिचं पाऊल बघायचो: आधी टोक टेकतं की टाच? टाच दुखत असली की जनावर टोकावर उतरतं. ज्या दिवशी तिनं टाच आधी टेकवली, त्या दिवशी मी गड्याला हाक मारून दोनदा दाखवलं.

चंदी, म्हणजे घोडीचा खुराकही बदलला. गूळ बंद, दाणा कमी, भर कोरड्या चाऱ्यावर. दाणा आणि गोड जास्त झालं तर त्याचा फटका थेट खुरालाच बसतो. आणि आपली काळी माती! पावसाळ्यात चिखल महिनोन्‌महिने खुरात राहतो, तळव्यामधली त्रिकोणी गादी कुजते, काळी घाण येते, वास सुटतो. म्हणून माझं मत, नाल काढायची तर पावसाळा संपल्यावर. जागा कोरडी ठेवा, खूर रोज साफ करा.

तळवा थोडा सरावल्यावर मी दावणीपुढे तापीतले गोटे पसरले. झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीनं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात खूर घट्ट व्हायला हेच सुचवलं होतं.

त्या हंगामातल्या सगळ्या वराती मी सोडल्या. सगळ्यांना ते परवडणार नाही, याची मला जाणीव आहे. रोज तासन्‌तास डांबरावर नाचणाऱ्या घोडीचा खूर वाढण्याआधीच झिजतो. तिला बूट किंवा नाल लागेलच, आणि त्यात कमीपणा नाही. फक्त ती नाल वेळेवर काढून खूर साळून पुन्हा बसवा.

घोडी बाहेर बांधली आहे. या, पाय उचलून दाखवतो.