नव्या गाण्याचा पहिला श्रोता

नमस्कार श्रोतेहो.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर फ्रिंटन नावाचं गाव आहे. 1967 च्या उन्हाळ्यात या गावापासून साडेतीन मैलांवर, तिथल्या सरकारची हद्द संपते त्याच्या जरा पलीकडे, एक जुनी बोट नांगर टाकून उभी होती. पूर्वी ती अमेरिकेच्या नौदलात समुद्रातले सुरुंग काढायच्या कामावर होती. आता तिच्यावर एक भलामोठा मनोरा उभारला होता आणि आत ग्रामोफोनच्या तबकड्या रचून ठेवल्या होत्या. हे रेडिओ लंडन. परवाना नसलेलं, समुद्रातून बोलणारं स्टेशन. मिरकरवाड्यात किंवा हर्णैला ज्यांचं आयुष्य होडीवर गेलं, त्यांना डोलत्या बोटीवर तबकडीवरची सुई जागेवर ठेवणं कसं असेल, हे मी सांगायला नको.

या बोटीवर रात्री 12 ते 2 कार्यक्रम करायला एक तरुण निवेदक बसत असे. एवढ्या रात्री मालक मंडळी जागी नसतात, हे त्याच्या लवकरच लक्षात आलं. मग त्याने ठरवून दिलेली गाण्यांची यादी बाजूला ठेवली, जाहिराती वगळल्या आणि स्वतःला जे ऐकावंसं वाटलं ते तो वाजवू लागला. त्यातलं बरंचसं तोवर कुणी रेडिओवर ऐकलेलंच नव्हतं. या तरुणाचं नाव जॉन पील. आज मला त्यांच्याविषयी बोलायचं आहे, आणि त्यांच्या निमित्ताने आपल्या कोकणातल्या नव्या गाण्यांविषयी.

पील यांचा जन्म 1939 चा, लिव्हरपूलजवळचा. वडील कापसाचे व्यापारी. खरं आडनाव रेव्हन्सक्रॉफ्ट. ‘पील’ हे नाव त्यांना बोटीवर मिळालं. 1960 मध्ये ते अमेरिकेला गेले. तिथे किरकोळ नोकऱ्या करत असतानाच लिव्हरपूलच्या बीटल्स या बँडचं वेड अमेरिकेत पोहोचलं आणि लिव्हरपूलकडच्या या माणसाला डॅलसच्या एका स्टेशनने माइकसमोर बसवलं. सुरुवात ही अशी. 1967 च्या ऑगस्टमध्ये समुद्रातल्या अशा स्टेशनांविरुद्ध कायदा आला आणि रेडिओ लंडन बंद पडलं. 30 सप्टेंबरला बीबीसीने तरुणांसाठी ‘रेडिओ वन’ सुरू केलं. पील तिथे गेले ते 2004 पर्यंत राहिले. 37 वर्षं! त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, पेरू देशात फिरायला गेले असताना, हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. वय 65. रेडिओ वनच्या पहिल्या तुकडीतले बाकीचे निवेदक तोवर केव्हाच पांगले होते.

इतकी वर्षं त्यांनी एकच काम केलं. ज्याला अजून कुणी ओळखत नाही असं गाणं शोधायचं, स्वतः ऐकायचं आणि इतरांना ऐकवायचं. त्यांच्याकडे टपालाने रेकॉर्डी येत, कॅसेटी येत, पोतीच्या पोती. ते घरी ऐकत, गाडी चालवताना ऐकत. आपण आजवर ऐकलं नाही असं काही आपल्याला ऐकायचंय, असं ते सांगत. निवेदनही साधं असे. गाणारे कोण, कुठले, रेकॉर्ड कुणी काढली, एवढं सांगून गाणं सोडून द्यायचं. कधीकधी मिनिटाला 33 फेऱ्यांच्या गतीची तबकडी 45 च्या गतीवर लागायची. ती चूकही तशीच हवेवर जायची आणि श्रोत्यांना त्याचं काही वाटत नसे, कारण हा माणूस आपल्यासोबत बसून पहिल्यांदाच ऐकतोय हे त्यांना कळत होतं.

आता एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण सगळी गंमत तिच्यात आहे. त्या काळी ब्रिटनमध्ये रेडिओवर रोज किती तास रेकॉर्डी वाजवायच्या यावर मर्यादा होती. वादकांच्या संघटनेचं म्हणणं असं की तबकड्याच वाजवत बसलात तर हाडामांसाच्या वादकांनी खायचं काय? तेव्हा उरलेला वेळ भरायचा तर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना स्टुडिओत बोलावून ध्वनिमुद्रण करणं भाग होतं. बाकीच्यांना ही अडचण वाटली. पील आणि त्यांचे निर्माते यांनी तिचा रस्ता केला. लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओत एखाद्या नव्या बँडला दिवसभरासाठी बोलवायचं. दुपारपासून वाजवायचं, रात्रीपर्यंत मिश्रण करून मोकळं व्हायचं. साधारण चार गाणी. चांगले माइक, कसलेले ध्वनिमुद्रक, आणि वर मानधन. ज्या पोरांकडे स्टुडिओचं भाडं भरायला दमडी नाही, त्यांच्यासाठी हे केवढं मोठं दान होतं! या मुद्रणांना ‘पील सेशन’ म्हणू लागले. अशी चार हजारांहून अधिक सेशन्स झाली, दोन हजारांहून अधिक कलाकारांची.

त्यातलं एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. 1981 मध्ये पील शेफिल्ड शहरात कार्यक्रमासाठी गेले होते. तिथे जार्व्हिस कॉकर नावाच्या पोरसवद्या गायकाने त्यांच्या हातात एक कॅसेट ठेवली. बँडचं नाव पल्प. पील यांनी ती घेतली, ऐकली, आणि त्याच वर्षी या शाळकरी वयाच्या मुलांचं सेशन प्रसारित झालं. पुढे काय? पुढे बराच काळ काहीच नाही. पल्पला मोठं यश मिळायला 1995 उजाडलं. मध्ये 14 वर्षं गेली. त्यांचं पील यांच्याकडचं दुसरं सेशन झालं तेही 1993 मध्ये. पण कॉकर गात राहिला. आपलं गाणं देशभर ऐकलं गेलं आहे, एका जाणत्या माणसाला ते वाजवण्याजोगं वाटलं आहे, ही गोष्ट एखाद्या मुलाला किती वर्षं पुरत असेल? मला वाटतं, खूप वर्षं पुरते.

दुसरं उदाहरण उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरातल्या अंडरटोन्स या पोरांच्या बँडचं. 1978 मध्ये त्यांची पहिली रेकॉर्ड बेलफास्टच्या एका छोट्या दुकानदाराने काढली होती. पील यांना त्यातलं एक गाणं इतकं आवडलं की त्यांनी ते हवेवर वाजवलं आणि संपताच पुन्हा पहिल्यापासून वाजवलं. सलग दोनदा. रेडिओत असं करत नाहीत. मला मात्र ही त्यांची सगळ्यात शहाणपणाची कृती वाटते. अनोळखी चाल पहिल्या खेपेला कानावरून घसरते. दुसऱ्यांदा ऐकताना तिची वळणं ओळखीची होतात, तिसऱ्यांदा ती आपल्या ओठांवर येते. आपण म्हणतो ‘जुनी गाणीच चांगली’, तेव्हा जुनी गाणी आपण शेकडो वेळा ऐकलेली असतात, आणि नव्याला एक संधीही धड दिलेली नसते.

पील यांना विरोध झाला नाही असं नाही. 1976 मध्ये त्यांनी पंक नावाचं खडबडीत, आरडाओरड्याचं संगीत वाजवायला सुरुवात केली, तेव्हा जुने श्रोते चिडले. हे बंद करा, अशी पत्रं आली. त्यांनी बंद केलं नाही. जुने काही श्रोते गेले, तरुण श्रोते आले. कालांतराने ते झिम्बाब्वेच्या गिटारवादकांची गाणी वाजवू लागले, तेव्हाही असंच झालं असणार.

आपल्याकडच्या एका थोर निवेदकाची इथे आठवण येते. अमीन सयानी. 1952 च्या डिसेंबरपासून रेडिओ सिलोनवरून त्यांची गीतमाला सुरू झाली, आणि बुधवारी रात्री आपल्या किनाऱ्यावरच्या घराघरांत शॉर्टवेव्हची खरखर सहन करत माणसं बसायची. कुठलं गाणं कितव्या पायरीवर, याची उत्कंठा त्यांनी ज्या प्रेमाने वाढवली त्याला तोड नाही. पण पायऱ्या लावायच्या तर गाणं आधी लोकांपर्यंत गेलेलं असावं लागतं. पील यांचं काम त्याच्याही आधीचं. गाणं अजून कुणाचंच झालेलं नाही, त्या घटकेचं.

आणि हे काम आपल्या आकाशवाणीने केलेलं आहे, फार मोठ्या प्रमाणावर केलेलं आहे. 1955 साली रामनवमीला, 1 एप्रिलला, पुणे केंद्रावरून गीतरामायणाचं पहिलं गाणं वाजलं. सीताकांत लाड यांची कल्पना, माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांचं संगीत. आज ती गाणी आपल्याला युगानुयुगांची वाटतात. पण त्या वर्षभरात दर आठवड्याला श्रोत्यांनी जे ऐकलं ते ताजं, त्याआधी कुणीही न ऐकलेलं होतं. पुढच्या आठवड्याचं गाणं अनेकदा लिहूनही झालेलं नसायचं! अशी 56 गाणी झाली. आणि 1962 मधलं ‘शुक्रतारा’ घ्या. त्याचे कवी मंगेश पाडगावकर हे आपल्या वेंगुर्ल्याचे, संगीत श्रीनिवास खळे यांचं, आणि अरुण दाते यांचा तेव्हाचा नवा आवाज आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरून लोकांच्या कानी गेला. कुणीतरी त्या नव्या आवाजावर भरवसा ठेवला होता.

मग आज कोकणात नवं संगीत आहे का? श्रोतेहो, भरभरून आहे. श्रावण लागला की लांजा, संगमेश्वर, गुहागरकडच्या वाड्यांमध्ये संध्याकाळी मृदंग घुमायला लागतो. शक्ती-तुऱ्याचे, म्हणजे गाण्यातल्या सवाल-जवाबाचे, शाहीर गणपतीसाठी नवी गाणी बांधत असतात. नवा गण, नवी गौळण, आणि समोरच्या शाहिराला अडवायला नवे सवाल. मागच्या वर्षीचंच गाणं पुन्हा म्हटलं तर वाडीतली पोरंसुद्धा ओळखतात. जाखडीच्या रिंगणात पायातल्या चाळांचा ठेका धरून पोरं नाचतात, मधोमध शाहीर बसलेला असतो, आणि त्याने काल रात्री जुळवलेली ओळ आज शंभर माणसं उचलतात. खाली सिंधुदुर्गात जा. डबलबारीचे, म्हणजे भजनाच्या सामन्याचे, बुवा समोरच्या बुवाला उत्तर म्हणून उभ्या उभ्या गजर रचतात. आणि कॉलेजातली मुलं मालवणीत, आगरीत रॅप करतायत, तेही मी ऐकलंय. सगळंच चांगलं असतं असं मी म्हणणार नाही. कित्येक चाली सिनेमाच्या गाण्यांवरून उचललेल्या असतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण चाल बांधण्याची ताकद या मुलुखात आहे. पण दर हंगामात दोनचार गाणी अशी निघतात की ती एका गणपतीपुरती राहू नयेत. अनंत चतुर्दशी झाली की ती वहीत जातात. काही मोबाइलवर फिरतात, तेही कवीचं नाव गळून.

इथे रेडिओची गरज आहे. आकाशवाणीचं रत्नागिरी केंद्र 1977 पासून मध्यम लहरींवर आहे. एफएमची लहर सरळ रेषेत जाते, डोंगर आडवा आला की अडते. आपल्याकडे तर दर दोन मैलांवर डोंगर. मध्यम लहर जमिनीला धरून वळते, आणि खाऱ्या पाण्यावरून तर ती जमिनीपेक्षा कितीतरी लांब जाते. म्हणून खोल पाण्यातल्या ट्रॉलरवर खलाशांना घरचा आवाज ऐकू येतो. विचार करा, साखरप्याच्या एखाद्या वाडीतल्या शाहिराची नवी गौळण समुद्रातल्या होडीवर वाजते आहे. मोबाइलवर तुम्हाला तेच मिळतं जे तुम्ही आधी ऐकलंत, किंवा त्याच्यासारखं. रेडिओवर निवेदक म्हणतो, थांबा, हे ऐका. आणि हातात जाळं असलेला माणूस ते ऐकतो, कारण बटण फिरवायला त्याचा हात रिकामा नसतो.

माझी मागणी साधी आहे. आठवड्यातला अर्धा तास, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, फक्त या वर्षी रचलेल्या गाण्यांसाठी असावा. गाण्याआधी आणि गाण्यानंतर, दोन्ही वेळा, रचणाऱ्याचं, गाणाऱ्याचं आणि मृदंगावर बसलेल्याचंही नाव, आणि वाडीचं नाव. गाणं त्याच महिन्यात पुन्हा एकदा लागावं. आकाशवाणीच्या ऑडिशनची शिस्त आपल्या जागी योग्यच आहे. तिच्या शेजारी एवढी एक खिडकी उघडी असू द्या. आणि ती चालवायला असा निवेदक हवा ज्याला रात्री उशिरा एखाद्या अनोळखी पोराची रेकॉर्डिंग ऐकताना कंटाळा येत नाही. अशी माणसं कोकणात आहेत. मी त्यांच्यासोबत भजनाला बसलो आहे.

शाहिरांनो, बुवांनो, तुम्हीही थोडी तयारी ठेवा. गणपती जवळ आले आहेत. तालमीत गाणं बसलं की एक मुद्रण करून ठेवा. साधा मोबाइल चालेल. पंखा बंद करा, पत्र्याच्या शेडखाली पाऊस असेल तर थांबा. मोबाइल गाणाऱ्याच्या समोर दोन हात अंतरावर ठेवा, मृदंग आणि झांज जरा मागे बसवा, नाहीतर शब्द बुडतात. गाणं सुरू करण्याआधी स्पष्ट बोला: रचना कुणाची, चाल कुणाची, गाव कुठलं, साल कुठलं. कोरस घेणाऱ्यांचीही नावं घ्या.

आणि श्रोतेहो, तुमच्यासाठी एक. आवडीचं गाणं कळवायला तुम्ही आकाशवाणीला पत्र लिहिता तेव्हा खाली आणखी एक ओळ लिहा. तुमच्या गावात यंदा नवीन काय ऐकलंत ते, आणि ते कुणी रचलं ते.

नमस्कार.